नाकातल्या नळीचे ५१ दिवस

हे लिहायचं जानेवारीपासनं टाळतेय. पण गेल्या आठवड्यात आमच्या पतसंस्थेतल्या एकाच्या सासूबाईंना खाणं द्यायला नाकातनं पोटात नळी घातली आणि तो मला सहज म्हणाला, "ताई, नळीचं काय एवढं, नुसतं वरनं ओतायचं असतंय की." ३ डिसेंबरपर्यंत मी पण हेच म्हटलं असतं. म्हणून बसले शेवटी. मी डॉक्टर नाही, नर्स नाही, कॅशियर आहे. जे बघितलं, जे आमच्या हातनं चुकलं आणि जे नंतर खोदून खोदून विचारलं तेवढंच लिहितेय, तुमच्या पेशंटचं तुमच्या डॉक्टरांना विचारूनच करा.

आण्णा म्हणजे माझे वडील, वय ७४, बीपी आणि शुगर दोन्ही जुनं. करवीर तालुक्यातल्या आमच्या गावच्या दूध संस्थेत ३१ वर्षं सेक्रेटरी होते. पहाटे साडेचारला डेअरीत, फॅट, डिग्री, लिटर सगळं स्वतः रजिस्टरला लिहिणार, आणि लॅक्टोमीटर बुडवायच्या आधी नुसतं बोटावर दूध घेऊन "ह्यात पाणी हाय" म्हणून सांगणार. त्यावरनं गावात निम्म्या लोकांशी भांडणं झालेली.

३ डिसेंबरला पहाटे आईनं हाक मारली तर उजवा हात-पाय हलेना आणि तोंडातनं शब्द नाही. झोपेत पॅरालिसिसचा झटका कधी आला कुणालाच माहीत नाही, त्यामुळं ते मेंदूतली गुठळी विरघळवायचं इंजेक्शन साडेचार तासाच्या आत द्यायचं असतं तर ते तास मोजायचे कुठनं इथंच गाडी अडली. त्यात ऊसाचा सीझन, दोन-दोन ट्रॉल्या लावलेले ट्रॅक्टर रांगेनं, पाऊण तासाच्या रस्त्याला ॲम्ब्युलन्सला सव्वा तास लागला. शहरातल्या एका खाजगी हॉस्पिटलात आयसीयूत घेतलं, ॲडव्हान्स ३०,००० भरा म्हणाले, भरले. हॉस्पिटलचं नाव लिहिणार नाही, कारण तिथं चांगलंही झालं आणि वाईटही झालं, आणि मला वाटतं हे कुठंही होऊ शकतं.

दुसऱ्या दिवशी सकाळी आयसीयूच्या डॉक्टर मॅडमनी आण्णांना बसवून एक चमचा पाणी दिलं. गिळल्यासारखं केलं, पण नंतर आवाज ओला-ओला, घशात पाणी गुळगुळल्यासारखा यायला लागला आणि अर्ध्या मिनिटानं बारीकसा ठसका. मॅडम म्हणाल्या गिळण्याची ताकद गेलीय, तोंडानं काही दिलं तर ते श्वासनलिकेत उतरेल, राईल्स ट्यूब, म्हणजे ही नाकातली नळी, घालावी लागेल. संमतीपत्र दोन पानी आणि सगळं इंग्रजीत. मी सही करायच्या आधी म्हटलं मॅडम, एकदा मराठीत सांगा, तर त्यांनी खरंच खुर्ची ओढून सांगितलं, त्याबद्दल त्यांचे उपकार मानते. त्यातलं एक वाक्य माझ्या डोक्यात बसलं आणि पुढं त्याच वाक्यानं आण्णा वाचले असं मी समजते: "नळी घातल्यावर एक्सरे बघितल्याशिवाय एक थेंब सोडायचा नाही."

नळी १३० रुपयांची, बेडपाशी येऊन काढायचा एक्सरे ६५० रुपयांचा. घालायच्या आधी नाकाच्या टोकापासनं कानाच्या पाळीपर्यंत आणि तिथनं छातीच्या हाडाच्या खालच्या टोकापर्यंत नळी धरून माप घेतात, शिंपी घेतो तसं. नंतर नाकपुडीपाशी पेनानं खूण केली आणि चिकटपट्टी लावली. ती खूण लक्षात ठेवा, तिच्याबद्दल पुढं परत येणार आहे. (ह्या नळीचं नाव राईल नावाच्या इंग्रज डॉक्टरवरनं पडलंय, शंभर वर्षांपूर्वी त्यांनी ती पोटातला रस तपासायला बाहेर काढण्यासाठी केली होती. हे मला रात्री झोप येत नव्हती तेव्हा फोनवर वाचून कळलं.)

पहिल्या दिवशी फीड, म्हणजे नळीतनं द्यायचं पातळ खाणं, फक्त ५०-५० मिली. आई म्हणाली एवढ्यात काय होतंय, माणूस कालपासनं उपाशी हाय. डाएटिशियन म्हणाल्या पोट पचवतंय का, उलटून वर येतंय का ते बघत वाढवायचं, आणि जे पेशंट बरेच दिवस उपाशी किंवा खूप अशक्त असतात त्यांच्यात तर एकदम पूर्ण खाणं सुरू केलं की रक्तातलं पोटॅशियम, फॉस्फरस झपकन खाली येतं आणि ते हार्टवर जातं. आम्हाला उपाशी माणसाला पोटभर घालणं म्हणजे पुण्य एवढंच माहीत.

८ डिसेंबरला वॉर्डात शिफ्ट केलं आणि इथनं खरा खेळ सुरू झाला. आयसीयूत सगळं सिस्टर करायच्या, वॉर्डात फीड द्यायचं काम नातेवाईकांचं. असं कुठं लिहिलेलं नाही, पण असंच चालतं. दिवसाच्या सिस्टरनी मला एकदा करून दाखवलं, तीन मिनिटं लागली असतील. दर दोन तासांनी २०० मिली, रात्री बारा ते सहा बंद. मोठ्या ५० मिलीच्या सिरिंजचा दांडा काढून टाकायचा, नळीला जोडायची, वर धरायची आणि फीड आपोआप उतरू द्यायचं, दाबायचं नाही. आधी ३० मिली पाणी, नंतर ३० मिली पाणी. झालं शिकवून, त्या पुढच्या बेडला गेल्या. त्यांनी शिकवलं ते बरोबरच होतं, पण काय केल्यावर काय होतं हे त्यात नव्हतं.

मी संध्याकाळी खाली जाऊन एक दोनशे पानी वही आणली आणि आण्णांच्या डेअरीच्या रजिस्टरसारखे रकाने पाडले. वेळ, किती मिली, नाकापाशी खूण जागेवर आहे का, बेड वर केला का, खोकला आला का, कुणी दिलं. भाऊ पुण्यातनं आला होता, तो हसला, म्हणाला तू बँक इथं पण घेऊन आलीस. हसू दे.

१० डिसेंबरच्या रात्री पावणेदोनला मी खुर्चीत डुलकी घेत होते आणि उठून बघते तर नळी आण्णांच्या डाव्या हातात. उजवा हात गेला पण डावा हात डेअरीचे कॅन उचललेला, त्याला काय तुमची चिकटपट्टी ऐकतेय. सिस्टर आल्या, त्यांनी रात्रपाळीच्या डॉक्टरांना बोलावलं, त्यांनी नवीन नळी घातली. आण्णांनी थोडं तोंड वाकडं केलं, बाकी काही नाही, ठसका पण नाही. मग सिरिंजनं नळीत हवा फुंकली, पोटावर स्टेथोस्कोप ठेवला, "आवाज येतोय, गेलीय पोटात" म्हणाले आणि गेले. सिस्टर म्हणाल्या, "ताई, सहाचं फीड द्या."

मी म्हटलं एक्सरे?

"दरवेळी लागत नाही हो एक्सरे. आवाज आलाय की."

मी गप्प बसले. पुढचे दोन तास मी जे काय केलं ते सांगायला लाज वाटते, म्हणजे काहीच केलं नाही. मोठ्या डॉक्टरांना रात्री तीनला कोण उठवणार, सिस्टर रागावल्या तर उद्या आण्णांकडं बघणार नाहीत, ६५० रुपये परत लागणार, हे सगळं डोक्यात. पाचला चहाला खाली गेले, गाडीवर आलं किसत होते, तो वास आला आणि का कुणास ठाऊक मॅडमचं ते वाक्य आठवलं. वर येऊन सिस्टरना म्हटलं, एक्सरे होईपर्यंत मी फीड देणार नाही, तसं कागदावर लिहून पाहिजे तर मी सही करते. त्या चिडल्या. म्हणाल्या पेशंट उपाशी राहील, जबाबदारी तुमची. मी म्हटलं माझी.

एक गोष्ट मात्र मी विचारली नव्हती आणि ती त्याच सिस्टरना सुचली. आण्णांना रात्री इन्सुलिन दिलेलं होतं. फीड थांबलं आणि इन्सुलिन अंगात असलं तर शुगर ढासळते. त्यांनी लगेच बोटाला टोचून बघितली, ७८ आली, डॉक्टरांना फोन करून ग्लुकोजचं सलाईन लावलं आणि सकाळचं इन्सुलिन थांबवलं. तेव्हा नळी निघाली किंवा फीड कुठल्याही कारणानं बंद पडलं तर पहिला प्रश्न इन्सुलिनचा विचारायचा, हे वहीच्या पुठ्ठ्यावर लाल पेननं लिहिलं.

साडेसातला एक्सरेवाले आले. सव्वाआठला मोठे डॉक्टर राऊंडला आले, त्यांनी कॉम्प्युटरवर फोटो उघडला आणि दोन सेकंद काहीच बोलले नाहीत. मग मला जवळ बोलावून दाखवलं. नळीची पांढरी रेघ मधोमध सरळ खाली जायला पाहिजे, छाती आणि पोटाच्या मधल्या पडद्याच्या खाली उतरून मग डावीकडं वळायला पाहिजे, तिथं जठर असतं. आमची रेघ छातीतच, जिथं श्वासनलिकेला दोन फाटे फुटतात तिथंच उजवीकडं वळलेली. उजव्या फुफ्फुसात. मी सहाला २०० मिली सोडलं असतं तर ते तिथं गेलं असतं.

मग तो पोटातला आवाज कसला, हे मी विचारलं. तर म्हणाले, हवा फुफ्फुसात फुंकली तरी आवाज पोटावर ऐकू येतो, छाती आणि पोट काय आवाज अडेल अशी भिंत घालून वेगळं केलेलं नाही. आणि ठसका न यायचं कारण पॅरालिसिसमध्ये घशाची जाणीवच कमी होते. म्हणजे खोकला आला नाही म्हणून बरोबर, हे पण खोटं. नंतर वाचलं की इंग्लंडमध्ये २००५ सालीच सरकारी सूचना निघाली होती की हवा फुंकून ऐकायच्या पद्धतीवर विसंबू नका, आणि चुकीच्या जागी असलेल्या नळीतनं अन्न जाणं ही चूक तिथल्या "कधीच घडता कामा नये" अशा यादीत आहे. तिथं आधी पोटातला रस सिरिंजनं ओढून ॲसिड किती ते दाखवणाऱ्या पीएचच्या पट्टीवर बघतात, साडेपाच किंवा त्याच्या खाली आलं तर पोट, नाहीतर एक्सरे. आमच्याकडं पट्ट्या नव्हत्या. आणि आण्णांना ॲसिडिटीचं इंजेक्शन चालू होतं, त्यानं पोटातलं ॲसिडच कमी होतं म्हणजे पट्टी असती तरी गोंधळ झाला असता, असं डॉक्टर म्हणाले.

नळी काढली, परत घातली, परत एक्सरे, ह्यावेळी बरोबर. कुणी सॉरी म्हटलं नाही. पण त्या दिवसापासनं बेडच्या डोक्यापाशी "एक्सरे बघून मगच फीड" असा कागद लागला, आणि बिलात ११ तारखेचे दोन एक्सरे लागले होते त्यातला एक मी काउंटरला जाऊन काढायला लावला. त्या रात्रीच्या सिस्टरवर मी आज रागवत नाही. बावीस पेशंट आणि दोघी जणी, मीच टोटल मारलीय.

हात बांधायचं प्रकरण त्याच दिवशी निघालं. फॉर्मवर सही घेतली आणि डावा हात बँडेजनं कठड्याला बांधला. दुपारी बघितलं तर मनगटाला लाल वळ, आणि आण्णा माझ्याकडं असं बघत होते की मी दुसरीकडं तोंड केलं. भाऊ तर तिथंच रडला. मग सिस्टर आणि आईनं मिळून तोड काढली, आईनं जुन्या साडीचा आत कापूस भरलेला बिनबोटांचा मोजा शिवला, हात मोकळा पण चिमटीत काही धरता येत नाही. कुणी शेजारी बसलं असेल तेव्हा तो पण काढायचा. नळी डोळ्यासमोर लोंबकळत ठेवायची नाही, गालावरनं कानामागं घेऊन चिकटवायची. आणि हाताला काहीतरी काम द्यायचं. आम्ही त्यांचा डेअरीतला चौकड्याचा टॉवेल दिला, तो मुठीत घेऊन दिवसभर पिळत बसायचे. त्यानंतर हॉस्पिटलात नळी एकदाही ओढली नाही.

आता आमची चूक. माझी.

१३ डिसेंबरला मी टीपीए काउंटरला, म्हणजे विम्याचे कागद बघतात तिथं, अडकले होते. इन्शुरन्सची क्वेरी आली होती, बीपी कधीपासनं आहे त्याची जुनी कागदपत्रं द्या आणि लक्षणं नक्की किती वाजता सुरू झाली ते डॉक्टरांकडनं लिहून आणा. झोपेत झालेल्या गोष्टीची वेळ! दोन तास गेले त्यात. बेडपाशी आत्ती होती, आण्णांची धाकटी बहीण, गावाकडनं सकाळीच आलेली. वॉर्डातल्या कामाच्या मावशींनी डायपर बदलायला बेड सपाट केला होता तो तसाच राहिला. बारा वाजले, आत्तीला माहीत की बाराला फीड असतंय, ती बिचारी मला सकाळी बघत होती. तिनं सिरिंज भरली, आणि हळूहळू उतरतंय म्हणून दांडा लावून दाबलं.

मी लिफ्टमधनं बाहेर आले तर खोलीत पळापळ. आण्णांच्या तोंडातनं, नाकातनं दूध, ओठ काळेनिळे, मशीनवर ऑक्सिजन ८४. सिस्टरनी मशीननं ओढून घसा साफ केला, मास्क लावला, अर्ध्या तासात ९३ वर आलं. दुसऱ्या दिवशी संध्याकाळी १०२ ताप, एक्सरेत उजव्या बाजूला खाली डाग. ॲस्पिरेशन न्यूमोनिया. नवीन अँटिबायोटिक, दिवसाला २,४०० ची नुसती इंजेक्शनं, आणि घरी जायचं होतं ते आठवडाभर लांबलं. नळी पोटात अगदी बरोबर जागी होती बरं का. पोटातलं उलटं वर आलं आणि घशातनं फुफ्फुसात गेलं. नळी बरोबर आहे म्हणजे पेशंट सुरक्षित आहे असं होत नाही, हे मला १३ तारखेला कळलं.

आत्तीला मी तिथंच सगळ्यांसमोर नको ते बोलले. ती दोन दिवस जेवली नाही. "दादाला म्या मारलं असतं," एवढंच म्हणत होती. चूक तिची नव्हती, वहीत रकाना पाडून मी वही बॅगेत घेऊन खाली गेले होते आणि तिला कुणी काही सांगितलंच नव्हतं. त्या रात्री भाच्याकडनं कॅलेंडरच्या पाठकोऱ्या कागदावर मोठ्या अक्षरात मराठीत लिहून घेतलं आणि भिंतीला लावलं: डोकं वर असल्याशिवाय द्यायचं नाही, दाबायचं नाही, दिल्यावर एक तास झोपवायचं नाही, खोकला आला की थांबवा आणि सिस्टरना हाक मारा. दुसऱ्या दिवशी शेजारच्या बेडच्या लोकांनी त्याचा फोटो काढून नेला.

डोकं वर म्हणजे किती, तर ३० ते ४५ अंश. नुसत्या दोन उशा देऊन होत नाही, माणूस घसरतो आणि पोटात दुमडतो, बेडच वर करायचा आणि गुडघ्याखाली उशी द्यायची. आमच्या बेडवर आकडे नव्हते, मग फोनमधलं लेव्हल बघायचं ॲप बेडच्या कडेला लावून अंश मोजायचो, मजेशीर दिसतं पण चालतं. डायपर, स्पंज, फिजिओ सगळं फीडच्या आधी उरकायचं. आणि तोंडानं काही खात नाहीत म्हणून दात घासायचे सोडू नका. आम्ही पहिले पाच-सहा दिवस सोडले होते. तोंडातली घाण लाळेबरोबर खाली उतरते आणि न्यूमोनियाला तेवढं पण पुरतं.

१७ तारखेला नळी चोंदली. कारण गोळ्या. सात गोळ्या मी खलबत्त्यात एकत्र कुटून एकाच वेळी सोडत होते. खालच्या मेडिकलवाल्या पोरानं सहज विचारलं म्हणून कळलं की त्यातली एक बारा तास हळूहळू विरघळणारी होती आणि एक आतड्यात विरघळावी म्हणून वरनं लेप दिलेली, दोन्ही कुटायच्याच नसतात. हळूहळू विरघळणारी कुटली की सगळा डोस एकदम अंगात जातो. डॉक्टरांना सांगून एकाचं पातळ औषध मिळालं, दुसऱ्याची वेगळी गोळी दिली. प्रत्येक गोळी वेगळी, एकदम बारीक, पाण्यात विरघळवून, मध्ये मध्ये पाणी सोडून. फीडमध्ये मिसळायची नाही. चोंदलेल्या नळीवर वॉर्डबॉय मामांनी कोल्ड्रिंक घालायचा सल्ला दिला, सिस्टर म्हणाल्या अजिबात नको, त्यानं आतलं दूध फाटून आणखी घट्ट बसतं. कोमट पाणी हळूच आत-बाहेर करत वीस मिनिटं बसल्या, नाही सुटली. नवीन नळी, नवीन एक्सरे.

अजून एक, आणि हे घडलं नाही पण घडता घडता राहिलं. औषधाचं पाणी आम्ही १० मिलीच्या साध्या सिरिंजनं द्यायचो. एका रात्री आईनं ती भरली आणि हात गेला तो सलाईनच्या तीन तोंडांच्या नळाकडं. दोन्हीकडं ती सिरिंज बसते! कुटलेली गोळी रक्तात गेली असती तर काय झालं असतं ते मी विचारलं आणि उत्तर ऐकून परत विचारलं नाही. भावानं गाडीतनं इलेक्ट्रिकची हिरवी टेप आणली, नाकाच्या नळीच्या टोकाला गुंडाळली, आणि नियम केला की हिरव्या टेपपासनं बोट धरून नाकापर्यंत यायचं, मगच सोडायचं. नळीत द्यायच्या सिरिंज वेगळ्या डब्यात. परदेशात म्हणे आता दोन्हीची तोंडंच वेगळ्या मापाची करतात, लावू म्हटलं तरी लागत नाहीत.

२१ डिसेंबरला डिस्चार्ज, नळीसकट. बिल २,९१,००० झालं, इन्शुरन्सनं २,०४,००० दिले. नळ्या, सिरिंज, ग्लोव्हज, डायपर, फीडची पावडर ह्यातलं आमचं काहीच मंजूर झालं नाही, पावडरचा एक डबा साडेसातशेचा होता आणि तीन दिवसात संपायचा, असा खर्च आधीच धरून चाला. ज्यांच्याकडं विमा नाही त्यांनी ॲडमिट करतानाच महात्मा फुले जन आरोग्य योजना त्या हॉस्पिटलला आहे का विचारा, असेल तर तिथं आरोग्यमित्र बसलेले असतात, रेशनकार्ड आणि आधार घेऊन जायचं. आमच्या हॉस्पिटलला ती योजना नव्हती आणि मी ते चौथ्या दिवशी विचारलं. निघताना सिलिकॉनची नळी घातली, ती मऊ असते आणि जास्त दिवस टिकते, ९५० रुपये. वर-खाली होणारा बेड महिना ३,००० नं भाड्यानं घेतला.

घरी एक्सरे नाही, सिस्टर नाही. त्यामुळं ती पेनाची खूण म्हणजे सगळं. दर फीडला आधी खूण बघायची, मग तोंड उघडून टॉर्चनं बघायचं की नळी घशात गुंडाळून तर आली नाही ना. आईनं हे इतकं मनावर घेतलं की देवाला दिवा लावल्यासारखं टॉर्च घेऊन उभी. हॉस्पिटलात डाएटिशियननी सांगितलेलं पण तिनंच पाळलं, केलेलं फीड बाहेर ठेवायचं नाही, उरलेलं ओतून टाकायचं. दूध ओतून टाकायला आमच्या घरात पहिल्यांदा शिकले सगळे.

२ जानेवारीला दुपारी खूण नाकापासनं चार बोटं लांब. शिंक आली होती. गावातले कंपाउंडर आले, चांगले ओळखीचे, म्हणाले, "द्या इकडं, ढकलतो आत, पाच मिनिटाचं काम. कशाला एवढ्या लांब जाताय." भाऊबंद पण सगळे तेच म्हणायला लागले, एक म्हातारी तर म्हणाली पोरीला दवाखान्याची सवय लागलीय. मी फीड बंद केलं, शुगर बघितली, डॉक्टरांना फोन करून दुपारच्या इन्सुलिनचं विचारलं, आणि गाडी काढली. नळी बदलली, एक्सरेसकट १,८५० रुपये आणि सगळा दिवस. परत येताना परत ऊसाच्या ट्रॉल्या. त्या रस्त्यात मात्र मला पहिल्यांदा भीती वाटली नाही.

चार आठवडे झाले की डॉक्टर सहसा पोटातनं थेट नळी बसवायचं विचारतात, आम्हाला पण विचारलं, खर्च चाळीस हजाराच्या आसपास सांगितला. तिचे पण वेगळे धोके आहेत, जागा चिघळते, नळी निघाली तर भोक लवकर बुजतं. पण आण्णा थुंकी गिळायला लागले होते म्हणून स्पीच थेरपीच्या मॅडम म्हणाल्या तीन आठवडे थांबून बघू. बोलायचं शिकवणाऱ्या मॅडमच गिळायचं पण शिकवतात हे मला माहीत नव्हतं, ६ जानेवारीपासनं एक दिवसाआड, एका वेळचे ४०० रुपये. हनुवटी छातीला टेकवून गिळायचं, एका घासाला दोनदा गिळायचं. २० तारखेला आधी घट्ट लापशीचा चमचा, मग घट्ट केलेलं पाणी. आवाज ओला आला नाही. चार दिवस सगळं जेवण तोंडानं जमतंय का बघितलं, नळी तशीच ठेवून.

२४ जानेवारीला सकाळी नळी काढली. पाच-सहा सेकंद लागले असतील. नाकपुडीच्या कडेला आतनं जखम झाली होती, तिला मलम दिलं, रोज चिकटपट्टीची जागा थोडी सरकवायला पाहिजे होती हे तेव्हा कळलं.

पातळ काही द्यायचं नाही असं सांगितलेलं, त्यामुळं दूध पण त्या घट्ट करायच्या पावडरनं घट्ट करून. आईनं घरच्या म्हशीचं तापवून गार केलं, त्यात पावडर घालून ढवळलं, पेजेसारखं झालं. ताठ बसवून, हनुवटी खाली घेऊन पहिला चमचा दिला. आण्णांनी तोंडात घोळवला, दोनदा गिळला, आणि मग आईकडं असं बघितलं जसं डेअरीत कुणाचा कॅन परत करताना बघायचे. झटका आल्यापासनं ५३ दिवसात "हं" आणि "आ" सोडून तोंडातनं काही आलं नव्हतं. ओठ दोन-तीनदा हलले.

"भे... भेसळ," म्हणाले.